कृपादान आणि पारख : अतींद्रिय शक्ती व ख्रिस्ती श्रद्धा

स्वप्नात पाहिलेली घटना नंतर तशीच घडणे, दूरगावच्या माणसावर ओढवलेले संकट त्याच वेळी मनाला जाणवणे, समोरच्याने न सांगितलेली गोष्ट उमगणे, हात ठेवून प्रार्थना करताच आजाऱ्याला उतार पडणे, निवर्तलेल्या आप्ताची चाहूल लागणे, असे अनुभव सांगणारी माणसे सगळ्या समाजांत आढळतात. ख्रिस्ती मंडळी त्याला अपवाद नाही. मात्र ख्रिस्ती माणसाला असा अनुभव आला की त्याची मोठी कुचंबणा होते. ज्या बायबलवर त्याची श्रद्धा असते ते शकुन पाहणाऱ्यांना, चेटूक करणाऱ्यांना आणि मृतांना प्रश्न विचारणाऱ्यांना कडक मनाई करते. त्याच बायबलमध्ये स्वप्नांचा अर्थ सांगणारा योसेफ आहे, राजवाड्याच्या भिंतीवरचे गूढ लिखाण वाचणारा दानीएल आहे, दिमिष्काच्या वाटेवर प्रकाशाने दिपून आंधळा झालेला पौल आहे. आपला अनुभव यांतल्या कोणत्या रांगेत बसतो, हे त्याला कोणी सांगत नाही. पाळकाला विचारावे तर तो सैतानाचे नाव घेईल आणि डॉक्टरला विचारावे तर तो वेडाचे, या भीतीने बहुतेक जण गप्प राहतात.

या पेचावर ख्रिस्ती परंपरेने जवळजवळ दोन हजार वर्षे विचार केला आहे. तो एका बैठकीत ठरलेला नाही. भांडणे, फसवणुका, चौकशा आणि काही खऱ्या संतांची आयुष्ये यांतून तो घडत गेला. त्याचे मर्म असे की असामान्य शक्ती अंगी असणे हा पवित्रतेचा पुरावा नाही आणि पापाचाही नाही. ती शक्ती हट्टाने मिळवलेली आहे की न मागता लाभलेली, तिचा उपयोग कोणाला होतो, तिच्यामागे पैसा आहे का, आणि ती ज्याच्याकडे आहे तो माणूस दुसऱ्या कोणाचे ऐकतो का, या प्रश्नांवर तिची पारख होते.

जुन्या करारातील मनाईचा मूळ मजकूर अनुवादाच्या अठराव्या अध्यायात आहे. मुलांचा बळी देणे, मंत्रतंत्र करणे, भुताखेतांचा सल्ला घेणे, मृतांना विचारणे या सगळ्या प्रथा तिथे एका दमात निषिद्ध ठरवल्या आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी शमुवेलाचे पहिले पुस्तकही शेजारी ठेवून वाचायला हवे. बापाची हरवलेली गाढवे शोधत शौल हिंडतो, तेव्हा त्याचा नोकर गावातल्या द्रष्ट्याकडे जाण्याचे सुचवतो आणि भेट म्हणून जवळचा पाव शेकेल चांदीचा तुकडा पुढे करतो. तो द्रष्टा शमुवेल असतो. गाढवे सापडली आहेत हे तो न विचारता सांगतो आणि या प्रसंगात कुठेही निंदेचा सूर नाही. तोच शौल पुढे राजा होतो, भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून हाकलतो, आणि देवाकडून उत्तर येईनासे झाल्यावर वेष पालटून रात्री एन-दोरच्या स्त्रीकडे जातो. तिच्यामार्फत मिळालेले भविष्य दुसऱ्या दिवशी रणांगणावर खरे ठरते. म्हणजे मनाईचे कारण ती विद्या खोटी असते हे नव्हे. शौलाला नकार पचवता आला नाही आणि जे दिले गेले नव्हते ते त्याने आडवाटेने ओढून घेतले, हा तिथला दोष आहे.

अनुवादाच्या तेराव्या अध्यायात हा विचार आणखी स्पष्ट होतो. एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये, असे तिथे बजावले आहे. खरे ठरलेले भाकीत म्हणजे देवाची सही, ही समजूत आजही चर्चमध्ये आणि चर्चबाहेर सारखीच पक्की आहे. बायबलने ती फार पूर्वी मोडीत काढली आहे, आणि या विषयातली निम्मी गल्लत ही एक गोष्ट लक्षात न घेतल्याने होते.

नव्या करारात हा प्रश्न करिंथच्या मंडळीत पेटला. करिंथ हे दोन बंदरांचे, व्यापाराने गजबजलेले शहर होते. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांत काही जण उपासनेत अनोळखी भाषांत बोलत, काही संदेश देत, काहींना आजार बरे करण्याची देणगी होती. लवकरच कोणाची देणगी मोठी यावरून चढाओढ सुरू झाली. पौलाने इ. स. ५४च्या सुमारास इफिसहून लिहिलेल्या पत्राचे तीन अध्याय या एका विषयाला दिले आहेत. बाराव्या अध्यायात तो नऊ कृपादाने सांगतो. त्यांत ज्ञानाची वाणी, चंगाई, अद्भुत कृत्ये, संदेश आणि अन्य भाषा आहेत, आणि आत्म्यांची पारख करण्याची देणगीही आहे. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण पारख करणारा माणूस देणग्यांचा शत्रू म्हणून बाहेर उभा नसतो. त्याची पारख हीदेखील त्याच आत्म्याची देणगी मानली आहे.

चौदाव्या अध्यायातले पौलाचे नियम एखाद्या अनुभवी सभाध्यक्षाला शोभतील इतके व्यवहारी आहेत. अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर गप्प बसावे. संदेश देणाऱ्यांचे बोलणे इतरांनी तोलून पाहावे. दुसऱ्याला काही उमगले तर पहिल्याने थांबावे. स्वतः अन्य भाषांत बोलणारा पौल मंडळीत मात्र समजणाऱ्या मोजक्या शब्दांना न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा अधिक मोल देतो. या नियमांमागचे गृहीतक महत्त्वाचे आहे. खरी देणगी माणसाचे भान हिरावून घेत नाही, त्याला थांबता येते. ‘माझ्या ताब्यात काही राहिले नव्हते’ ही सबब पौल मान्य करत नाही. या दोन अध्यायांच्या मधोमध प्रीतीचा तेरावा अध्याय येतो. लग्नसमारंभांत वाचून तो इतका गुळगुळीत झाला आहे की तो मुळात चमत्कार करणाऱ्यांच्या भांडणावरचा निवाडा आहे, हे विसरले जाते. थेस्सलनीकाकरांना पौलाने याआधीच सांगितले होते की आत्म्याला विझवू नये, संदेशांना तुच्छ लेखू नये, पण सगळे पारखून घ्यावे. मना करणाऱ्यांना यातला पहिला भाग आठवत नाही आणि उत्साही लोकांना शेवटचा.

प्रेषितांच्या कृत्यांतले दोन प्रसंग पैशाशी जोडलेले आहेत. शोमरोनातला जादूगार शिमोन बाप्तिस्मा घेतो, पण हात ठेवून आत्मा देण्याची शक्ती पेत्राकडून पैसे मोजून विकत घेऊ पाहतो. फिलिप्पैमध्ये अंगात येऊन भविष्य सांगणारी एक गुलाम मुलगी पौलामागे अनेक दिवस ओरडत फिरते. ती जे ओरडते ते खरे असते, कारण ही माणसे परात्पर देवाचे दास आहेत असेच ती सांगते. तरीही पौल तो आत्मा काढून टाकतो, आणि कमाई बुडालेले तिचे धनी पौल व सीला यांना तुरुंगात टाकायला लावतात. त्या मुलीचे बोलणे खरे होते, तिची अवस्था मात्र गुलामीची होती. आत्मा तिला वापरत होता आणि धनी तिच्या अंगात येण्याचा धंदा करत होते. देवऋषी असो वा सभा भरवणारा, अंगात येणाऱ्या बाईच्या आजूबाजूला उभे राहून पैसे मोजणारे लोक पाहिले की फिलिप्पैचा हा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या मार्गदर्शिकेत मंडळ्यांनी फिरत्या संदेष्ट्यांची पारख कशी करावी हे दिले आहे. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. त्याचे हस्तलिखित १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले. आत्म्याच्या आवेशात ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. आवेशात जेवणाचा बेत फर्मावून तो स्वतःच त्यावर बसला तर तो खोटा. पण ज्याची वागणूक प्रभूसारखी आहे त्याचा सन्मान करावा. मंडळ्या किती साध्या खुणांवर विसंबून होत्या हे त्यातून दिसते.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिगियात माँतानुस आणि त्याच्या सोबतच्या प्रिस्किल्ला व माक्सिमिल्ला या दोन स्त्रिया आपल्या तोंडून पवित्र आत्मा थेट बोलतो असे सांगू लागल्या. तेर्तुलियनसारखा तेजस्वी लेखकही त्यांच्याकडे ओढला गेला. बिशपांनी ही चळवळ नाकारली, आणि तिच्याबरोबर संदेशाच्या देणगीबद्दलचा विश्वासही बऱ्याच अंशी आटला. पश्चिमेकडच्या चर्चला हे नुकसान पुढे फार काळ जाणवत राहिले.

चौथ्या-पाचव्या शतकांत ऑगस्टीनने दर्शनांचे तीन प्रकार केले. पहिले डोळ्यांना दिसणारे, दुसरे कल्पनाशक्तीत उमटणारे, तिसरे केवळ बुद्धीला उमगणारे. पहिल्या दोहोंत फसगत होऊ शकते, हा त्याचा इशारा पुढच्या सगळ्या विचाराचा पाया ठरला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यावर आणखी एक भक्कम भेद उभा केला. माणसाला देवाला प्रिय करणारी कृपा वेगळी आणि इतरांच्या उपयोगासाठी दिलेली कृपा वेगळी. दुसरी पहिलीशिवाय असू शकते. जुन्या करारातला लोभी बलाम खरे बोलला आणि येशूला मारण्याचा बेत करणारा कयफाही नकळत खरे बोलला. शिवाय नैसर्गिक कारणांतून उद्भवणारे एक प्रकारचे पूर्वज्ञान अक्वायनसने मान्य केले आहे. काही माणसांची मनोरचनाच अशी तरल असते की इतरांच्या ध्यानात न येणारे त्यांना जाणवते, हा आजचा विचार या चौकटीत सहज बसतो. अशी क्षमता असलेल्या माणसाला संत म्हणण्याची गरज नाही आणि चेटकी म्हणण्याचीही नाही. गाता गळा जसा स्वभावतः लाभतो तशी तीही लाभू शकते, मग तिचे काय करायचे हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न कोणी आतून तपासला असेल तर सोळाव्या शतकातल्या तीन स्पॅनिश संतांनी. इग्नेशियस लोयोला १५२२मध्ये मानरेसा इथे राहत असताना त्याला हवेत सर्पाकार, अनेक डोळ्यांसारख्या तेजाने झळकणारे काहीतरी दिसे. ते पाहून त्याला बरे वाटे आणि ते नाहीसे झाले की उदास वाटे. पुढे क्रुसासमोर गुडघे टेकले असताना ते रूप फिके पडलेले त्याने पाहिले आणि ते देवाकडचे नाही असे त्याने ठरवले. सुख देणारे दर्शन देवाचेच असेल असे नाही, हा धडा त्याच्या पारखीच्या नियमांत उतरला. आविलाच्या तेरेजाला (१५१५–१५८२) ख्रिस्ताची दर्शने होऊ लागली तेव्हा एका कबुलीगुरूने ती सैतानाची ठरवली आणि दर्शन होताच तिरस्काराची खूण करायला सांगितले. तिने अपार क्लेश सोसून आज्ञा पाळली. पुढे मठांची व्यवस्था पाहताना तिने स्वतः जे केले ते अधिक बोलके आहे. ज्या बहिणींना वरचेवर समाधी लागे त्यांचे उपास ती कमी करायला लावी, त्यांना झोपायला सांगे आणि कामाला लावी. उपासाने व जागरणाने आलेल्या अशक्तपणाला भक्ती समजू नये, असे तिचे मत होते. स्वतः दर्शने पाहणाऱ्या स्त्रीने हे सांगावे यात तिची थोरवी आहे. तिचा सहकारी क्रुसाचा योहान आणखी पुढे गेला. दर्शन खरे असले तरी त्याला चिकटू नये, कारण देवाला त्यातून जो परिणाम घडवायचा असतो तो आत्म्यात आपोआप घडून जातो आणि चिकटून राहिले तर उरतो फक्त गर्व, असे त्याने लिहिले.

सतराव्या शतकात इटलीतल्या कूपेर्तिनो गावचा जोसेफ (१६०३–१६६३) हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू प्रार्थनेत तल्लीन झाला की जमिनीवरून वर उचलला जातो, अशा साक्षी शेकडोंनी नोंदल्या गेल्या. चर्चने त्याचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. १६३८मध्ये नेपल्सच्या धर्मन्यायालयाने त्याची चौकशी केली आणि त्याला निर्दोष सोडले. त्यानंतर त्याला आसीसीला, मग डोंगरातल्या एकामागून एक आडबाजूच्या मठांत हलवले गेले आणि लोकांसमोर मिस्सा करण्यावर वर्षानुवर्षे बंदी राहिली. गर्दी जमू नये एवढाच हेतू होता. जोसेफने तक्रार केली नाही, आणि पुढे त्याच्या संतपदाच्या प्रकरणात उड्डाणांइतकेच वजन या आज्ञाधारकपणाला मिळाले. त्या प्रकरणात आक्षेप घेण्याचे काम प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी या कायदेपंडिताकडे होते. त्याने १७३४ ते १७३८ या काळात संतपदाच्या चौकशीवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. दर्शने आणि दूरज्ञान नैसर्गिक कारणांनीही होऊ शकतात, म्हणून आधी ती तपासावीत, आणि चर्चने मान्यता दिलेले खाजगी प्रकटीकरणही श्रद्धेचा भाग बनत नाही, असे त्यात ठासून मांडले आहे. हाच लाम्बेर्तिनी पुढे चौदावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला आणि त्यानेच १७५३मध्ये जोसेफला धन्यपद दिले. कठोरपणे शंका घेणारा माणूसच शेवटी साक्षीदार ठरला, हे ख्रिस्ती इतिहासातले फार समाधानाचे उदाहरण आहे.

चर्च दर वेळी इतके सावध राहिले असे म्हणता येत नाही. फ्रान्सिस झेव्हियर यांना १६२२मध्ये संतपद मिळाले. त्यासंबंधीच्या पोपच्या आज्ञापत्रात, न शिकता परक्या भाषा बोलण्याची देणगी त्यांना होती असे म्हटले आहे. त्यांची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेणे, त्या पाठ करणे, अडखळणे, भाषा येत नाही म्हणून खंत करणे हे सगळे त्यांत आहे. त्या कष्टांनी झेव्हियर लहान होत नाहीत. उलट चमत्काराच्या हव्यासापायी त्यांच्या घामाकडे दुर्लक्ष झाले. गोव्यात त्यांच्यानंतर आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी भाषेचे दान अभ्यासाने मिळवले. १५७९मध्ये गोव्याला पोचलेल्या या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे रूप पालटले. १८४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड्सव्हिलच्या फॉक्स बहिणींच्या घरात ऐकू येणाऱ्या टकटकीतून मृतात्म्यांशी बोलण्याची चळवळ सुरू झाली. मार्गारेट फॉक्सने १८८८मध्ये तो आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढला होता अशी जाहीर कबुली दिली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली, तोवर ही चळवळ जगभर पसरली होती. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत प्लँचेटची जी हौस आली ती याच लाटेतून. लंडनमध्ये १८८२मध्ये मानसिक संशोधन संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाने घरोघरी मृत्यू नेला तेव्हा या चळवळीला नवे बळ मिळाले. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५मध्ये मारला गेला आणि मृतांचे निरोप सांगणाऱ्या माध्यमांमार्फत त्याच्याशी झालेल्या संवादाचे त्यांचे पुस्तक पुढच्याच वर्षी घरोघर वाचले गेले. रोमने १९१७मध्ये अशा बैठकींना प्रेक्षक म्हणूनही हजर राहू नये असा आदेश काढला. अँग्लिकन बिशपांनी १९२०च्या लँबेथ परिषदेत वेगळा मार्ग धरला. मनाच्या शक्तींवर संशोधनाने नवा प्रकाश पडला तर तो स्वागतार्ह आहे, पण त्याचा धर्म बनवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मृतांशी संवादाचे हे दावे तपासण्यासाठी आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी नेमलेल्या दहा जणांच्या समितीने १९३९मध्ये आपला अहवाल दिला. काही संदेश खरोखर मृतांकडून येत असावेत अशी शक्यता सात सदस्यांनी मानली, तिघांनी नाही. अहवाल दडपला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एका साप्ताहिकाने तो फोडला. पुरावा पटत नसेल तर तसे सांगायला हवे होते. अहवाल लपवल्यामुळे पोरगा गमावलेली घरे चर्चकडे पाठ फिरवून माध्यमांच्या दारात गेली. इंग्लंडमध्ये १९५३मध्ये या अनुभवांचा ख्रिस्ती चौकटीत अभ्यास करण्यासाठी चर्चेस फेलोशिप फॉर सायकिकल स्टडी ही संस्था निघाली ती या पोकळीतून. मृतांसाठी दुःख करणाऱ्या आईची गरज खरी असते. तिला पुनरुत्थानाची आशा, प्रार्थना आणि सोबत द्यायची असते. ती दिली नाही तर मनाईचा हुकूम तिच्या कानांवरून जातो.

महाराष्ट्रापुरते पाहता या विषयातले सर्वांत मोलाचे प्रकरण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये घडले. संस्कृत विद्वत्तेसाठी कोलकात्यात १८७८मध्ये पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा यांनी त्यांचे मुक्तीतले आश्रमघर भरले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०४मध्ये वेल्समध्ये धार्मिक संजीवनाची लाट आली होती. त्या बातम्यांनी प्रेरित होऊन जानेवारी १९०५मध्ये मुक्तीत प्रार्थनेचा गट सुरू झाला. आधी सत्तर जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या शेवटी एका रात्री एका मुलीवर अग्नी उतरल्याचे तिच्या सोबतिणीने पाहिले आणि ती पाणी आणायला धावली. जाळ लागलेला नव्हता. त्यानंतर पापांची उघड कबुली, रडणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना, दर्शने, आणि पुढे १९०६च्या अखेरीपासून अन्य भाषांत बोलणे असे सारे घडत गेले. दौंडला मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी तिथे इंग्रजी न शिकलेल्या बाईच्या तोंडून इंग्रजी प्रार्थना ऐकल्याचे लिहून ठेवले आहे.

मिशनरी वर्तुळात यावर टीका झाली. रमाबाईंनी घाईने निकाल दिला नाही. गोंगाटाला आवर घालावा असे त्यांना प्रथम वाटले, पण भारतीय बायकांना त्यांच्या रीतीने देवासमोर रडू आणि गाऊ द्यावे या मतावर त्या आल्या. अन्य भाषा ही एक देणगी आहे असे त्यांनी मानले, आत्मा मिळाल्याची ती एकमेव खूण आहे असे मात्र कधीच मानले नाही. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते चिलीतल्या व्हालपाराइसोला त्यांच्या जुन्या मैत्रिणीकडे, मे हूव्हर यांच्याकडे पोचले आणि त्या देशातल्या पेन्टेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचे प्रसिद्ध संजीवन १९०६चे आहे, मुक्तीचे त्याआधीचे. केडगावच्या दुष्काळग्रस्त मुलींचे जगाच्या चर्च-इतिहासातले हे स्थान मराठी वाचकाला अजून पुरेसे ठाऊक नाही.

मुक्तीतल्या अनुभवांची पारख त्यांच्या फळांवरून करता येते. संजीवनानंतर मुलींच्या टोळ्या खेडोपाडी प्रार्थनेला आणि सेवेला निघाल्या. छापखाना, विणकाम, अंधांची शाळा ही कामे थांबली नाहीत. ज्या वर्षांत आश्रमात लोक न शिकलेल्या भाषांत बोलत होते त्याच वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक यांच्याशी झगडत मूळ बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी १९२२मध्ये मृत्यूआधी संपवले आणि भाषांतर १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. आत्म्याचे दान मिळाले म्हणून शब्दकोश बाजूला ठेवावा असे त्यांना एक दिवसही वाटले नाही.

पंजाबातल्या शीख घराण्यात जन्मलेले साधू सुंदरसिंग (जन्म १८८९) यांना डिसेंबर १९०४मध्ये ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि पुढल्या वर्षी त्यांनी सिमल्याला बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांना वारंवार समाधी लागे आणि तीत आध्यात्मिक जगाचे दर्शन घडे, असे ते सांगत. स्ट्रीटर आणि अप्पासामी यांनी १९२१मध्ये त्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात या अनुभवांचा तपशील आहे. साधूंच्या काही कथांवर जेझुइट होस्टेन आणि स्विस मनोविश्लेषक फिस्टर यांनी तीव्र आक्षेप घेतले, हाइलर या अभ्यासकांनी साधूंची बाजू मांडली. त्या वादाचा शेवट लागला नाही, कारण १९२९मध्ये तिबेटकडे निघालेले साधू परतलेच नाहीत. वाद काहीही असो, त्यांची शिस्त अनुकरणीय होती. समाधी मागू नये, मिळाली तर घ्यावी, प्रार्थना मात्र सर्वांनी करावी, असे ते सांगत. मृतांना बोलावणे त्यांना मान्य नव्हते. श्रीलंकेत त्यांच्या प्रार्थनेने एक मुलगा बरा झाला तेव्हा लोक साधूंच्या हातातल्या शक्तीमागे धावू लागले. लोकांचे लक्ष ख्रिस्तावरून उडते आहे हे पाहून त्यांनी चंगाईचे काम पुन्हा न करण्याचे ठरवले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये असामान्य कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत पण उतावळेपणे मागू नयेत असे सांगून जुनाच मध्यम मार्ग पुन्हा धरला. १९६७नंतर कॅथलिक करिश्माई चळवळीने या देणग्या साध्या कुटुंबांच्या प्रार्थनागटांत आणल्या. लूर्द इथल्या बरे होण्याच्या दाव्यांपैकी सात हजारांहून अधिक नोंदले गेले, पण डॉक्टरांच्या आणि बिशपांच्या चाळणीतून चमत्कार म्हणून मान्य झाले ते सुमारे सत्तर. मे २०२४मध्ये रोमने नवे नियम काढले. त्यांनुसार बिशप सामान्यतः एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीरच करत नाही, तिच्यामागे चालणाऱ्या भक्तीला हरकत आहे की नाही एवढेच सांगतो. ही सावधगिरी देवाच्या बाजूची आहे.

आजच्या मराठी ख्रिस्ती जीवनात दोन टोके ठळक दिसतात. काही ठिकाणी असे अनुभव सांगणाऱ्याला भूत लागल्याचे ठरवून झिडकारले जाते, काही ठिकाणी त्याला व्यासपीठावर चढवून चंगाई सभेचे फलक लावले जातात. दोन्हीकडे त्या माणसाचे ऐकून घेणारा कोणी नसतो. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणे आणि साप-विंचवाच्या दंशावर वैद्यकीय उपचार रोखणे यांना गुन्हा ठरवतो, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. ‘दिदाखे’ लिहिणाऱ्याने त्याचे स्वागतच केले असते. मधुमेहाच्या किंवा मिरगीच्या रुग्णाला श्रद्धा कमी पडते म्हणून औषध बंद करायला सांगणारा माणूस, मग त्याच्या हातून कितीही जण बरे झाले असोत, ख्रिस्ती कसोटीवर उतरत नाही. वैद्य लूक हा पौलाचा प्रिय सोबती होता.

म्हणून पाळकांनी आणि फादरांनी अशा माणसाला एकांतात वेळ द्यावा आणि सैतानाचे नाव घेण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकावे. त्याची झोप, जेवण, दुःख आणि औषधे यांची चौकशी करावी, गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः सोबत जावे. त्याने पाहिलेले मंडळीतल्या दोनतीन प्रौढ, निःस्वार्थी माणसांसमोर ठेवावे. पैसा आणि प्रसिद्धी त्याच्यापासून कटाक्षाने दूर ठेवावी. आणि ज्याला असा अनुभव येतो त्यानेही तो लपवू नये, त्याचा डंका पिटू नये. शेजारच्या खाटेवरच्या आजाऱ्यासाठी तो उपयोगी पडत असेल तर तिथे शांतपणे वापरावा आणि रविवारी इतरांच्या रांगेत उपासनेला बसावे.